मामांचा लॅपटॉप उघडण्याआधी

घरातला जुना, संथ झालेला लॅपटॉप पुन्हा कामाचा करायचा असेल तर स्क्रू-ड्रायव्हर शोधायच्या आधी एक वही घ्या आणि ज्यांचं मशीन आहे त्यांच्या शेजारी अर्धा तास बसा. "कम्प्युटरवर काय काय करता?" असं विचारू नका, उत्तर ठरलेलं असतं: "काही नाही गं, मेल आणि यूट्यूब." मामांनी मलाही हेच सांगितलं होतं. अर्ध्या तासात दिसलं ते वेगळंच. सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब एक्सेलमध्ये, सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं वर्डमध्ये आणि त्यातली निम्मी जुन्या मराठी फाँटात, वीजबिल, लेकीशी व्हिडिओ कॉल, दुपारी नाट्यसंगीत, आणि महिन्यातून एकदा तीसेक पानांची छपाई. ही यादी हातात आली की पुढचे बरेचसे निर्णय तीच घेते. तिच्यात टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर निघालं तर विंडोज सोडायचा विचार तिथेच थांबवा, कारण टॅली विंडोजसाठीच बनतं. डिजिटल सहीची यूएसबी किल्ली निघाली तरीही मी थांबेन. ती लिनक्सवर (विंडोजच्या जागी टाकायची दुसरी प्रणाली) चालवता येते, पण दर वेळी तुम्हाला फोन येईल.

मग मशीनची जन्मपत्रिका. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून 'परफॉर्मन्स' पाहा. प्रोसेसरचं नाव, रॅम (चालू कामापुरती स्मृती) किती आणि रॅमच्या किती खाचा भरलेल्या आहेत, हे तिथेच कळतं. मामांचा प्रोसेसर निघाला आय-३ ३११०एम. गाडीच्या नंबरासारखं हे वाचायचं: चार आकड्यांतला पहिला आकडा म्हणजे पिढी, म्हणून हा तिसऱ्या पिढीचा, २०१२ चा. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोयही लागते. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात, पण तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. आडमार्गाने अकरा टाकून देणारे भेटतात. चालतंही ते. पण अशा मशीनला अपडेट मिळण्याचा हक्क नाही, असं मायक्रोसॉफ्टनेच सांगून ठेवलंय. स्वतःच्या मशीनवर हा खेळ जरूर खेळा, मामांच्या नको.

तिसरी गोष्ट बॅकअप. इथे घाई केलीत तर बाकीची यादी वाचू नका. दोन प्रती, दोन वेगळ्या जागी: एक एक्स्टर्नल डिस्कवर, दुसरी क्लाउडवर किंवा तुमच्या स्वतःच्या मशीनवर. पेनड्राइव्हवरची एकुलती एक प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. फायली कुठे दडलेल्या असतात तेही माहीत असू द्या. 'माय डॉक्युमेंट्स'मध्ये जवळजवळ काहीच नसतं. सगळं डेस्कटॉपवर, डाउनलोड्समध्ये आणि डी ड्राइव्हमधल्या 'न्यू फोल्डर (३)' मध्ये असतं. ब्राउझरमधले बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड वेगळे उतरवून घ्या. वर्षानुवर्षं पासवर्ड टाइप न केलेल्या माणसाला तो आठवत नसतो, आणि ओटीपीचा फोन नेमका दुसऱ्या खोलीत चार्जिंगला असतो.

आता आपल्याकडचा खास घोळ. नव्वदीत आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, टाइपच होत नसे. पुण्याच्या सी-डॅकचं आयएसएम, डीव्हीबी-टीटी सुरेख, श्रीलिपी, कृतिदेव ही नावं ज्यांनी कार्यालयात काम केलंय त्यांना पाठ असतील. या फायलींमध्ये 'क' हा 'क' म्हणून साठवलेलाच नसतो. साठवलेला असतो एखादा इंग्रजी अक्षराचा किंवा चिन्हाचा क्रमांक, आणि फाँट त्या क्रमांकावर 'क'चं चित्र बसवतो. फाँट गेला की सभेच्या ठरावाच्या जागी कंस, टक्के आणि डॉलरची रांगोळी उरते. म्हणून मशीन अजून चालू आहे, जुना फाँट अजून जागेवर आहे, तोवरच तीन कामं उरका. महत्त्वाच्या प्रत्येक फायलीची पीडीएफ काढा. पीडीएफमध्ये फाँट आत बसवला जातो, त्यामुळे ते पान कुठेही तसंच दिसतं. विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधून ते जुने फाँट वेगळे काढून ठेवा. आणि ज्या मजकुरात पुढे बदल करावे लागणार आहेत, तोच तेवढा कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा. सगळा आणायला जाऊ नका. रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार हमखास घसरतात, प्रत्येक पान वाचून दुरुस्त करावं लागतं. मामांच्या एकोणीस फायलींपैकी खरोखर लागणाऱ्या चार निघाल्या: उपविधी, सभासदांची यादी आणि दोन ठराव. या कामाला एक अख्खा रविवार गेला. हार्डवेअरचं सगळं काम त्यापेक्षा कमी वेळात झालं.

खरेदीत पहिला मान एसएसडीचा, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या चिपवरच्या डिस्कचा. "कम्प्युटर म्हातारा झालाय" असं लोक म्हणतात तेव्हा दहातल्या आठ वेळा म्हातारी झालेली असते ती हार्ड डिस्क. निदान माझ्या नातेवाइकांत तरी हेच प्रमाण आहे. हार्ड डिस्क म्हणजे फिरती तबकडी आणि तिच्यावर सरकणारा हात. मिनिटाला ५४०० फेरे. ओळीने वाचायचं तर ती सेकंदाला शंभरेक एमबी देते, पण विंडोज सुरू होताना हजारो बारीक फायली इथून-तिथून उचलायच्या असतात, आणि तो हात सेकंदाला ५०-१०० उड्यांच्या पलीकडे मारू शकत नाही. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, तिथे हीच संख्या हजारांत जाते. जुन्या मदरबोर्डवर (मशीनच्या मुख्य बोर्डावर) साटाचा, म्हणजे डिस्क जोडायच्या वाटेचा, वेग निम्मा असला तरी म्हणूनच बिघडत नाही, फरक लगेच जाणवतो. अडीच इंची साटा मागा. २४० किंवा २५६ जीबी अशा कामाला भरपूर. लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर तो काढून त्याच्या जागी कॅडीत (त्याच मापाच्या चौकटीत) जुनी डिस्क बसवता येते. मात्र कॅडी ९.५ मिलिमीटर जाडीची आणि १२.७ ची, अशा दोन मिळतात, तेव्हा आधी मोजा. मी न मोजता गेले होते.

दुसरा मान रॅमचा. चार जीबीची आठ करा. त्यापुढे या कामांना फारसा फरक पडत नाही. अशा जुन्या मशीनमधल्या डीडीआर-३ रॅममध्ये दोन जाती आहेत: साधी १.५ व्होल्टची आणि 'एल' लावलेली १.३५ ची. एल जात सहसा दोन्हींकडे चालते. साधी मात्र चौथ्या पिढीपासूनच्या बहुतेक लॅपटॉपना चालत नाही. म्हणून शंका असेल तर एल घ्या. सगळ्यात सोपं म्हणजे जुनी पट्टी काढून कागदात गुंडाळून दुकानात न्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला पट्टी काउंटरवर ठेवली की पुढे काही बोलावं लागत नाही. डेस्कटॉपची पट्टी लांब, लॅपटॉपची आखूड. काही सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते, तिथे हा परिच्छेद सोडून द्या. आणि जुना डेस्कटॉप सुरू करताच नुसता बीप बीप करत असेल, पडद्यावर काहीच येत नसेल, तर खर्चाचा विचार करायच्या आधी रॅम काढून तिची सोनेरी टोकं शाळेतल्या खोडरबराने हलकेच घासा आणि परत बसवा. आपल्याकडचा कुठलाही मेकॅनिक हेच करतो, फक्त त्याचे पैसे घेतो.

खर्चाची एक रेघ आधीच मारून ठेवा. त्याच बाजारात कंपन्यांमधून आलेले आठव्या पिढीचे वापरलेले लॅपटॉप मिळतात. तुमची बेरीज त्यांच्या किमतीच्या एक तृतीयांशावर गेली की थांबा. बिजागरी तुटलेली असेल किंवा मदरबोर्ड एकदा दुरुस्त होऊन आलेला असेल, तर त्याही आधी थांबा.

उघडायच्या दिवशी जवळ काय हवं? लहान फुलीचा स्क्रू-ड्रायव्हर, रंगकामाचा मऊ ब्रश, थर्मल पेस्टची छोटी ट्यूब, सीआर २०३२ हा चपटा सेल, मोबाइल आणि इडलीपात्राची एक ताटली. मोबाइल दर टप्प्याला फोटो काढायला. इडलीपात्र स्क्रूंसाठी: प्रत्येक खळग्यात एका जागचे स्क्रू, घड्याळाच्या क्रमाने. लांब स्क्रू आखूड जागी पिळला की तो बोर्डात किंवा हात टेकतो तिथल्या प्लॅस्टिकमधून वर येतो. (मामींनी ताटली परत घेताना ती तीनदा घासली आणि तीनही वेळा मला दाखवली.) आधी चार्जर काढा, मग बॅटरी. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल किंवा खालचं झाकण फुगलेलं असेल तर बॅटरी फुगली आहे. ती दाबू नका, टोचू नका, कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, आणि लॅपटॉप तिच्याशिवाय चार्जरवर चालत असेल तर तसा चालवा. पंख्यातली धूळ फुंकताना पंखा बोटाने धरून ठेवा, त्याला भोवऱ्यासारखा फिरू देऊ नका. प्रोसेसरवर लावायची पेस्ट तांदळाच्या दोन दाण्यांएवढी, जास्त नाही.

तो चपटा सेल बदलायला विसरू नका. तीन व्होल्टचा आणि अगदी स्वस्त. तो संपला की बंद मशीनचं घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. मग ब्राउझर प्रत्येक वेबसाइटचं प्रमाणपत्र तारखेशी ताडून पाहतो, जुळत नाही आणि लाल इशारा देतो. घरातले म्हणतात नेट गेलंय, आणि नेटवाल्याला फोन लावतात.

आता कोणती प्रणाली टाकायची ते. मी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकते, कारण ती हलकी आहे आणि खाली डाव्या कोपऱ्यात मेन्यू असल्यामुळे विंडोजवाल्याला परकी वाटत नाही. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. दोन जीबी रॅम ही तिची किमान गरज, चार असलेली बरी. ती ६४ बिटच्या प्रोसेसरसाठीच येते. पण त्याने घाबरू नका, कोअर टू ड्युओ हा जुना प्रोसेसरसुद्धा ६४ बिटचा आहे, भले त्याच्यावर ३२ बिटचं विंडोज टाकलेलं असो. खऱ्या ३२ बिटच्या जुन्या ॲटम प्रोसेसरच्या नेटबुकसाठी आता वाटा बंद होत चालल्यात. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्सनेही त्यांच्यासाठी इन्स्टॉलर दिलेला नाही. असलं मशीन इंटरनेटपासून तोडून नुसतं टाइप करायला ठेवा.

आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट चढवा आणि इन्स्टॉल न करता नुसतं चालवून पाहा. हार्ड डिस्कला हात लागत नाही. इथे वाय-फाय, आवाज, कॅमेरा, आणि झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतंय का, एवढं बघा. मग प्रिंटर, आणि तो आजच, इन्स्टॉल केल्यावर नाही. आपल्याकडे झेरॉक्सवाल्यापासून वकिलापर्यंत सगळीकडे दिसणारा कॅनन एलबीपी २९०० कॅप्ट नावाची स्वतःचीच भाषा बोलतो, आणि लिनक्सवर त्याची समजूत घालायला संध्याकाळ जाते. एचपीच्या लेझरजेट १०२० ला दर वेळी सुरू होताना कम्प्युटरकडून फर्मवेअर (त्याचा आतला प्रोग्राम) भरवावं लागतं, पण एचपीचं प्लगइन टाकलं की ते आपोआप होतं. यादीत छपाई असेल आणि पेनड्राइव्हवरून एकही पान निघत नसेल, तर निर्णय पुन्हा तपासा.

इन्स्टॉल झाल्यावर मराठी. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा आणि वापरणाऱ्याला विचारा: इनस्क्रिप्ट (थेट मराठी अक्षरांची ठरलेली मांडणी), की रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवणारा? टाइपरायटरवर हात बसलेल्यांना दोन्ही नकोसे वाटतात. मामांनी दोन दिवस आदळआपट केली आणि मग इनस्क्रिप्ट घेतला. परीक्षेला दोन शब्द द्या: 'दुसऱ्या' आणि 'तऱ्हा'. र पुढच्या य किंवा ह ला नीट जुळून अर्धचंद्रासारखा उमटला तर ठीक, नाही तर पुढे प्रत्येक इतिवृत्तात 'दुसर्या' येत राहील. लिबरऑफिसमध्ये (इथलं वर्ड-एक्सेल) मजकुराची भाषा मराठी ठेवा. कितीतरी फाँटांमध्ये त्याने ल आणि श आपल्या वळणाचे दिसतात, नाही तर हिंदी वळणाचे. विंडोजचा मंगल फाँट इथे नसतो, म्हणून जुन्या पत्रातल्या ओळी इकडच्या तिकडे होतील. लेटरहेडवरची पत्रं एकदा उघडून पाहा.

ब्राउझर फायरफॉक्स, आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन. जुन्या मशीनवर जाहिराती अडवल्या की अर्धा भार उतरतो. यूट्यूबसाठी आणखी एक बारकावा. तिसऱ्या पिढीची ग्राफिक्स चिप एच.२६४ जातीचा व्हिडिओ स्वतः उलगडू शकते, पण यूट्यूब बहुधा व्हीपी-९ पाठवतं, आणि ते सगळं ओझं प्रोसेसरवर पडतं. मग पंखा गिरणीसारखा घरघरतो आणि गाणं राहतं बाजूला. एच-२६४इफाय नावाचं एक्स्टेन्शन यूट्यूबला जुन्याच जातीचा व्हिडिओ द्यायला लावतं. ते टाकलं त्या दुपारी पहिल्यांदाच पंख्याऐवजी तानपुरा ऐकू आला.

सोपवायच्या दिवशी डेस्कटॉपवर चारच चिन्हं ठेवा, नावं मराठीत: 'मेल', 'सोसायटी', 'गाणी', 'सुमीला फोन'. अपडेटची खूण दिसली की काय दाबायचं ते एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या. मग त्यांच्याकडूनच, तुम्ही माउसला हात न लावता, पहिल्या दिवशीच्या वहीतली कामं एकेक करून घ्या. मेंटेनन्सचा हिशेब उघडून एक आकडा बदलायचा, साठवायचा, छापायचा. अडखळतील तिथे तुमची यादी अजून संपलेली नाही.

जुनी हार्ड डिस्क फॉरमॅट मारून कोणाला देऊन टाकू नका. साटाचं यूएसबी केस घेऊन तिला त्यात बसवा, तारीख लिहा आणि सोसायटीचं या वर्षाचं ऑडिट पार पडेपर्यंत कपाटात ठेवा. काहीतरी राहिलेलं असतंच. आमच्याकडे तिसऱ्या आठवड्यात वाहनतळाच्या वाटपाची चिठ्ठ्यांची यादी निघाली, 'न्यू फोल्डर (३)' च्या आतल्या 'न्यू फोल्डर' मध्ये. डिस्क अजून मामींच्या साड्यांखाली आहे. तिच्यावरच्या लेबलवर मामांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय: पुसू नये, हुकमावरून.