'दोनच तासांची तर चढण आहे!' पेरूच्या छोट्या ट्रेकमधल्या या चुका टाळा

पेरूला जाऊन आलेली बाई म्हणून नातेवाइकांत माझं नाव झालंय. त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी एक फोन ठरलेला. "मावशी, आम्ही पण चाललोय. माचू पिच्चू तर करूच, शिवाय अवशेषांजवळचा एखादा छोटासा ट्रेक. काय काय घेऊ?" मग यादी वाचून दाखवतात. बूट, रेनकोट, थेपले, पॉवर बँक, सगळं चोख. मी म्हणते, यादी राहू दे, तारखा सांग. तारखा ऐकल्या की कपाळावर हात मारायची वेळ येते.

पेरूच्या जुन्या इंका राज्यकर्त्यांनी वसवलेल्या माचू पिच्चूपर्यंत चालत नेणाऱ्या चार दिवसांच्या इंका ट्रेलबद्दल मी बोलत नाहीये. त्याला परवाना लागतो, सोबत गाइड असतो, त्यामुळे माणूस मुळातच घाबरून तयारी करतो. घोळ होतात ते दोन-तीन तासांच्या वाटांवर: पिसाक गावावरचे अवशेष, ओयांतायतांबो गावाची पिंकुयुना टेकडी, माचू पिच्चूमागचा वायना पिच्चू हा सुळका. अंतर कमी दिसतं आणि लोक ते पर्वती समजून चालायला लागतात.

कुस्कोत उतरल्या दिवशी चढायला जाणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक आणि ती माझ्याच भाच्याने केली, माझ्या डोळ्यांदेखत.

आपलं कळसूबाई १६४६ मीटर. माचू पिच्चूला जाताना विमानाने जिथे उतरतात ते कुस्को शहर साधारण ३४०० मीटरवर आहे. म्हणजे तुम्ही विमानतळावर बॅगेची वाट बघत उभे असता तेव्हाच महाराष्ट्रातल्या सर्वोच्च शिखराच्या दुप्पट उंचीवर असता. राजधानी लिमा समुद्रकाठी, तिथून विमानाला दीड तासही लागत नाही. शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. या उंचीवर हवेचा दाब इतका उतरलेला असतो की एका श्वासात समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच प्राणवायू मिळतो.

आम्ही सकाळी उतरलो. मी म्हटलं, आज आराम. भाचा म्हणाला, "मावशी, मी दर रविवारी सिंहगड चढतो. पाऊण तासात! तू झोप, मी साक्सायवामान बघून येतो." हे साक्सायवामान म्हणजे शहराच्या डोक्यावरचा इंकांचा दगडी कोट, ३७०० मीटरच्या आसपास. त्यातले काही दगड शंभर टनांच्याही वरचे. मुख्य चौकातून पायऱ्यांच्या गल्ल्यांनी चढत जाता येतं. एकट्याला कसा सोडणार, म्हणून मीही निघाले, दर वीस पावलांनी थांबत. तो मात्र सिंहगडाच्याच वेगाने पुढे.

वर पोचले तेव्हा स्वारी गवतावर बसलेली होती. तोंड पांढरंफटक, एकदा उलटी होऊन गेलेली. बुटाची लेस सुटली होती आणि तो तिच्याकडे नुसता बघत होता. दोन्ही टोकं हातात, पण पुढे काय करायचं ते सुचत नव्हतं. मग अगदी शांतपणे म्हणाला, "मावशी, ही लेस कुणाची आहे?"

माझ्या पोटात गोळा आला. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हे तिथे बऱ्याच जणांना होतं. तिकडे त्याला 'सोरोचे' म्हणतात आणि ते आरामाने बसतं. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर तो प्रकार वेगळा. तिथे चहा-बिहा, लिंबू-साखर असले प्रयोग करायचे नाहीत. डॉक्टर, ऑक्सिजन आणि ताबडतोब खाली. आम्ही टॅक्सीने उतरलो, डॉक्टरांना बोलावलं, ऑक्सिजन लावला आणि त्यांच्या सांगण्यावरून त्याच संध्याकाळी कुस्कोहून खालच्या उरुबांबा नदीच्या खोऱ्यात उतरलो. पुढचे दोन दिवस गडी खोलीत झोपून. पिसाक हुकलं ते हुकलंच.

फिट माणसाला उंची लागत नाही हा गैरसमज कुठून आला कोण जाणे. उलट फिट माणूस भराभर चढतो, म्हणून जास्त अडकतो.

माझी पद्धत सोपी आहे. कुस्को विमानतळावरून थेट गाडी करून खोऱ्यात उतरायचं. ओयांतायतांबो साधारण २८०० मीटरवर आहे, माचू पिच्चू त्याहून खाली, २४३० वर. खोऱ्यात दोन रात्री काढायच्या आणि कुस्को शहर शेवटी बघायचं. पहिल्या दिवशी मी जेवते, चौकापर्यंत पाय मोकळे करते आणि आठला झोपते. बिअर नाही, 'सेलिब्रेशन' नाही. उंचीच्या त्रासासाठीच्या डायमॉक्स गोळीचं निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा, विमानात शेजारच्याला नाही. कोकाच्या पानांचा चहा हॉटेलात ठेवलेलाच असतो, तो जरूर प्या. पण 'आईला दाखवायला' म्हणून त्याच्या पिशव्या बॅगेत टाकू नका. कोकाचं पान भारतात अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं.

तिकीट काढलं म्हणजे झालं, असं समजणं

माचू पिच्चूचं एकच तिकीट नसतं. सध्या आत तीन सर्किट, म्हणजे फिरायच्या ठरलेल्या वाटा, आहेत आणि ज्या सर्किटचं तिकीट त्याच वाटेने फिरायचं. वायना पिच्चू सर्किट ३ सोबत मिळतं, माचू पिच्चू माउंटन हा दुसरा डोंगर सर्किट १ सोबत. नुसतं सर्किट २ घेऊन 'आत गेल्यावर बघू' म्हणणारे वायना पिच्चूच्या फाटकावरून परत फिरतात. आणखी एक गोम कुणी सांगत नाही. सगळ्यांच्या प्रोफाइलवर असतो तो फोटो, खाली अवशेष आणि मागे वायना पिच्चूचा सुळका, तो वरच्या गच्च्यांवरून मिळतो, म्हणजे सर्किट १ किंवा २ वरून. सुळक्यावर चढणाऱ्याला तो हवा असेल तर दुसरं तिकीट काढावं लागतं. मी दोन्ही काढते. महाग पडतं, पण इतक्या लांब पुन्हा कोण जातंय!

तिकिटावर नाव आणि पासपोर्ट नंबर असतो, फाटकावर मूळ पासपोर्ट बघतात. माझ्या मैत्रिणीच्या नणंदेने जानेवारीत तिकीट काढलं, मार्चमध्ये पासपोर्टचं नूतनीकरण केलं आणि मेमध्ये नव्या नंबराचा पासपोर्ट घेऊन फाटकावर उभी. रद्द झालेला जुना पासपोर्ट पुण्यात, कपाटात, साड्यांच्या खाली. पुण्यात तेव्हा संध्याकाळ. नवऱ्याने फोटो काढून पाठवेपर्यंत आणि कागद जुळेपर्यंत तास-दीड तास गेला. अवशेष बघायला मिळाले, पण सुळक्याची ठरलेली वेळ टळली होती. तिकीट काढल्यावर पासपोर्ट बदलू नका. बदललात, तर जुना सोबत ठेवा.

आत स्वच्छतागृह नाही आणि बाहेर पडलं की पुन्हा आत सोडत नाहीत. काय ते आधी उरकून घ्या.

पिसाकला दुपारी चार वाजता सुरुवात करणं

जूनमध्ये तिथे साडेपाचच्या आसपास सूर्य डोंगराआड जातो आणि थंडी एकदम अंगावर येते. पिसाकला मी सकाळीच टॅक्सीने वरच्या फाटकापर्यंत जाते आणि अवशेषांमधून चालत खाली गावात उतरते. काही ट्रेकर मंडळींना हे चीटिंग वाटतं. वाटू दे. गावातून चढलात तर वर पोचेपर्यंत दम संपलेला असतो आणि बघण्यासारखं सगळं वरच आहे: सूर्यमंदिराचा भाग, कातळातला बोगदा, समोरच्या कड्यात थडग्यांची शेकडो भोकं. कुठे थांबायचं नाही, बसायचं नाही, नुसतं घड्याळात वेळ लावून खाली पोचायचं, तर त्यासाठी सिंहगड आहेच.

पिसाकला 'बोलेतो तुरिस्तिको' नावाचं सामायिक तिकीट लागतं. त्यात ओयांतायतांबो आणि साक्सायवामानही येतं, माचू पिच्चू येत नाही. ते जपून ठेवा आणि रोख सोल, म्हणजे पेरूचं चलन, जवळ असू द्या.

आता शॉर्टकटचं. वळणाची वाट सोडून सोंडेवरून सरळ खाली सुटायची आपल्या पोरांना सवय असते. पिसाकच्या उतारावर त्या 'सोंडा' म्हणजे इंकांनी बांधलेल्या शेतीच्या पायऱ्या आहेत. माचू पिच्चूच्या अशाच पायऱ्या खणून पाहिल्या तेव्हा खाली दगड, त्यावर खडी, वाळू आणि सगळ्यात वर माती असे थर निघाले. पाणी साचू नये, भिंतीवर दाब येऊ नये म्हणून केलेली ही व्यवस्था पाचशेहून जास्त वर्षं टिकली आहे. तुमची पाच मिनिटं वाचावीत म्हणून तिच्यावरून उड्या मारणाऱ्यांना मी तोंडावर बोलते. माझ्याच ग्रुपमधले असले तर जास्तच.

किरकोळ, पण दर वेळी होणाऱ्या

ट्रेकिंग पोलला खाली रबरी टोपी हवी. माचू पिच्चूत तर वयस्कर किंवा गरजू माणसालाच पोल नेऊ देतात.

थंडी वाजते म्हणून ऊन लागत नाही असं नसतं. नाक सोलवटून निघतं. टोपी घाला.

नोव्हेंबर ते मार्च पावसाळा. स्वस्त पडतं म्हणून जानेवारीत जाऊन ढगांचे फोटो काढणाऱ्यांना माझ्याकडून सहानुभूती नाही.

पिवळ्या तापाची लस विसरू नका. पेरूहून भारतात परतताना तिचं प्रमाणपत्र मागतात आणि ते लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं. आदल्या आठवड्यात 'अगं, हे पण लागतं का?' असा फोन मला करू नका.

भाच्याला शेवटी मी पिंकुयुनावर नेलं. तिकीट नाही, ओयांतायतांबोच्या गल्लीतूनच पायऱ्या सुरू होतात आणि जेमतेम पाऊण तासात धान्याच्या कोठारांपाशी पोचता येतं. वाऱ्यावर धान्य थंड राहावं म्हणून इंकांनी ती उतारावर इतकी उंच बांधली. वाट अरुंद, बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. पाऊस पडून गेला असेल तर मी तिथे जात नाही, चौकात बसून मोठ्या दाण्यांचा उकडलेला मका आणि चीज खाते. त्या दिवशी ऊन होतं. भाचा माझ्या मागून चढत होता, दर वीस पावलांनी थांबत. वर पोचल्यावर खाली बसला आणि आधी दोन्ही लेसा सोडून पुन्हा घट्ट बांधल्या.