काळा गॉगल खरंच यूव्ही अडवतो का? कार्बन डॉट्सनी असं तपासा

गॉगलची काच काळीकुट्ट आहे म्हणजे यूव्ही अडतोच असं नाही, उलट अंधार वाटून डोळ्याची बाहुली मोठी होते आणि काच यूव्ही सोडत असेल तर तो जास्तच आत शिरतो. यूव्ही म्हणजे अतिनील किरण डोळ्याला दिसत नाहीत, पण कार्बन डॉट्स ते शोषून निळा उजेड बाहेर टाकतात. हे कार्बनचे १० नॅनोमीटरपेक्षा बारीक कण, २००४ मध्ये कार्बनच्या नॅनोट्यूब (अतिसूक्ष्म नळ्या) शुद्ध करताना अचानक सापडले.

हे डॉट्स बनवायचं काम कॉलेजच्या लॅबमध्ये सरांसमोर फ्यूम हूडखालीच (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात) करा, कारण अमोनिया सुटतो आणि डोळे चुरचुरतात. स्वयंपाकाचा मायक्रोवेव्ह तर अजिबात वापरू नका. ३ ग्रॅम सायट्रिक ॲसिड आणि ३ ग्रॅम युरिया १० मिली पाण्यात विरघळवायचा (युरिया लॅबचाच, खताच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचं कोटिंग असतं), मोठ्या बीकरमध्ये लॅबच्या मायक्रोवेव्हमध्ये ७५० वॅटवर ४-५ मिनिटं ठेवायचा, आधी उकळतो मग पिवळा पडतो आणि शेवटी फुगून तपकिरी खरपूड होते. गार झाल्यावर पाणी घालून गाळा आणि भरपूर पातळ करा. मी पहिल्यांदा कोऱ्या चहासारखं गडद ठेवलं होतं, चमक जवळपास नाहीच. फिकट लिंबू सरबतासारखं केलं आणि निळं उजळलं!

आता सगळ्यात महत्त्वाचं, कागद. झेरॉक्सचा कागद घेऊ नका, त्यात ब्राइटनर (कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घातलेलं रसायन) असतो आणि तो स्वतःच निळा चमकतो, म्हणजे टेस्टच खोटी. फिल्टर पेपर घ्या, आधी कोऱ्या कागदावर टॉर्च मारून बघा, मग थेंब टाकून सावलीत वाळवा.

टॉर्च ३६५ नॅनोमीटरचाच हवा. स्वस्तातला जांभळा ३९५ वाला असतो, त्याने नीट कळत नाही. खोलीत अंधार करा, ठिपक्यावर टॉर्च मारा, मध्ये गॉगलची काच धरा आणि ठिपका बाजूने बघा, काचेतून नाही, नाहीतर काळ्या काचेमुळेच चमक कमी वाटेल. ठिपका विझला तर ३६५ अडतोय, चमकत राहिला तर तो गॉगल उन्हात घालू नका. माझ्या बाबांच्या पॉलीकार्बोनेटच्या नंबरच्या चष्म्याला रंग काहीच नाही, तरी ठिपका गपकन विझला. टॉर्चकडे मात्र सरळ बघू नका, आणि यूव्हीबीबद्दल (३६५ पेक्षा कमी तरंगलांबीचा यूव्ही) ही टेस्ट काहीच सांगत नाही.

ठिपक्याचा कागद वहीत दाबून अंधारात ठेवा, सतत यूव्ही पडला की त्याची चमक उतरते.