कोल्ड रूमचं पफ पॅनेल: या चुका टाळा

कोल्ड रूमचा कॉम्प्रेसर कट-ऑफच घेत नाही, म्हणजे खोली हवी तेवढी थंड होऊन तो आपोआप बंदच होत नाही, म्हटलं की पहिला सल्ला मिळतो: पॅनेल जाड लावा. बहुतेक वेळा दोष जाडीत नसतोच.

पफ म्हणजे पॅनेलच्या दोन पत्र्यांमधला पॉलियुरेथेन फोम. तो उष्णता अडवतो ते बंद पेशींत, म्हणजे बारीक बुडबुड्यांत, कोंडलेल्या वायूमुळे. ताज्या फोमची उष्णतावाहकता साधारण ०.०२२ वॉट प्रति मीटर-केल्विन असते, पाण्याची ०.६ आणि बर्फाची २.२. पेशींत ओल शिरली की फोम हळूहळू निकामी होतो, आणि बाहेरून पत्रा मात्र नवाकोरा दिसत राहतो.

सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे जोड फक्त आतून सील करणं. कोकणातल्या पावसाळ्यात बाहेर २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता धरली, तर हवेतला बाष्पदाब सुमारे ३.४ किलोपास्कल होतो. आत २ अंशांना तो जेमतेम ०.६. म्हणजे बाष्प चोवीस तास बाहेरून आत ढकललं जातं. आतून सीलंट आणि बाहेरून उघडी फट असेल तर ते जोडात शिरतं, थंड बाजूला पाणी होऊन अडकतं. म्हणून बाष्परोधक सील उष्ण बाजूला, म्हणजे बाहेरून, आणि सलग हवा. केबल व पाइपांची भोकंही यात आली. फिटर नेमकी तीच उघडी ठेवून जातात.

दुसरी चूक हिशेबातली. कॅटलॉगमधला आकडा ताज्या फोमचा असतो. पुढे कापलेल्या कडांतून पेशींत हवा शिरते आणि वाहकता वाढते. १०० चौरस मीटर, १०० मिमी पॅनेल आणि आत-बाहेर ३८ अंशांचा फरक घेतला तर ०.०२२ ने सुमारे ८४० वॉट उष्णता आत येते, ०.०२६ ने सुमारे ९९०. कूलिंग युनिट निवडताना दुसरा आकडा धरा. छपरावर ऊन पडत असेल तर तिथला फरक हवेच्या नव्हे, तापलेल्या पत्र्याच्या तापमानावरून काढा.

आरपार लोखंडी बोल्ट नकोत. १०० मिमी पॅनेलमधला १० मिमी जाडीचा एक बोल्ट जवळपास ०.१७ चौरस मीटर फोमइतकी उष्णता आत आणू शकतो, शिवाय त्याच्या डोक्याशी घाम सुटतो. नायलॉनचे घ्या.

जागेवर फोम ओतताना आयसोसायनेट आणि पॉलिओल ही दोन्ही रसायनं अंदाजाने मिसळू नका, पुरवठादाराच्या प्रमाणानुसार वजन करून घ्या. आयसोसायनेट जास्त झालं तर फोम ठिसूळ होतो, पॉलिओल जास्त झालं तर मऊ राहून आक्रसतो. थंडीच्या पहाटे गार पत्र्यावर ओतला तर नीट फुगतही नाही.

उणे तापमानाच्या खोलीत फरशीखाली हीटर किंवा हवेचे पाइप लागतातच, नाहीतर खालची माती गोठून फरशी वर उचलते.

दोष शोधायचा असेल तर दार काही तास बंद ठेवून इन्फ्रारेड थर्मामीटर आतल्या जोडांवरून फिरवा. जिथे आकडा आजूबाजूपेक्षा चढा दिसेल तिथे संशय घ्या. रंगीत पत्र्यावर आकडा बरोबर येतो, चकचकीत स्टीलवर चुकतो; तिथे आधी काळी इन्सुलेशन टेप चिकटवा. बाहेरून जोडावर सरळ रेषेत घाम दिसला तरी तोच इशारा.

खात्री फोम कापूनच होते. लांबी, रुंदी, उंची तिन्ही १० सेंमी असलेला ठोकळा काढून वजन करा. ४० किलो प्रति घनमीटर घनतेचा कोरडा फोम ४० ग्रॅम भरतो. १०० ग्रॅम भरला तर त्यात ६० ग्रॅम पाणी आहे. असं पॅनेल जागेवर वाळत नाही; ते बदला आणि बाहेरचा जोड सील केल्याशिवाय नवं बसवू नका.