शिबिरातल्या मुलांना नदीत उतरवण्याआधी

एप्रिल-मे महिन्यात नदी गुडघाभर दिसते आणि तिथेच फसगत होते. वाळू उपशामुळे पात्रात पुरुष-दीड पुरुष खोल खड्डे पडलेले असतात, पण वरून पाणी सगळीकडे सारखंच दिसतं. म्हणून आदल्या दिवशी पोहता येणाऱ्या दोघांनी लाइफ जॅकेट घालून, लांब बांबूने पावलापावलावर तळ चाचपावा. डोह कुठे आहे हे गावातल्या मासेमाऱ्याला विचारलं की पाच मिनिटांत कळतं. वर धरण असेल तर आवर्तन, म्हणजे धरणातून पाळीने सोडलं जाणारं पाणी, कधी सुटणार, हे पाटबंधारे खात्याच्या शाखेत विचारून घ्या. आभाळ कोरडं ठणठणीत असतानाही पाणी चढतं ते यामुळेच. पाणी एकदम गढुळलं किंवा पालापाचोळा वाहत आला, की सगळे बाहेर.

शेततळ्यात मुलं उतरवूच नका. प्लास्टिकचा कागद आणि त्यावरचं शेवाळ, यामुळे उतारावर पाय ठरत नाही; पट्टीचा पोहणाराही काठाशी येऊन अडकतो.

खेळायची जागा म्हणजे सगळ्यात बुटक्या मुलाच्या कमरेएवढं पाणी. उंचीत फार फरक असेल तर दोन गट करा. नायलॉनच्या दोरीला दर दीड-दोन मीटरवर रिकामे, घट्ट झाकणाचे कॅन बांधून हद्द आखा. प्रवाहाच्या खालच्या बाजूची दोरी सर्वांत महत्त्वाची, कारण पाय सुटलेलं मूल तिकडेच जातं. एक जाणता पोहणारा तिथेच उभा हवा.

एका वेळी वीसच मुलं, पंधरा मिनिटं. चार मोठी माणसं: दोन पाण्यात, दोन काठावर. काठावरच्यांनी फक्त बघायचं. फोटो काढणारा माणूस वेगळा ठेवा, त्याला पहारेकऱ्यात धरू नका.

मुलांच्या जोड्या लावा. दोन शिट्ट्या झाल्या की जोडीदाराचा हात धरून वर करायचा, मग मोजणी. दर पाच मिनिटांनी. एक लांब शिट्टी म्हणजे बाहेर. शिवाय फळीवर खिळे ठोकून नंबरांचे बिल्ले लावा: उतरताना प्रत्येकाने आपला बिल्ला उलटा करायचा, बाहेर आल्यावर सुलटा. काठावरच्या चपला मोजून भागत नाही. एखादा दुसऱ्याच्याच घालून जातो.

बुडणारं मूल बहुधा ओरडत नाही. मान मागे, तोंड पाण्याच्या पातळीला, हात बाजूला पाणी दाबताहेत: हे दिसलं की मिनिटाच्या आत हालचाल हवी. आधी काठावर पालथं पडून बांबू पुढे करा. नाही पोचला तर पंधरा मीटर दोर फेका. टोकाला बांधलेल्या कॅनमध्ये थोडंसं पाणी ठेवा, नाहीतर वाऱ्याने तो भरकटतो. पोहून जाणं सगळ्यात शेवटी, तेही तरंगणारं काहीतरी हातात घेऊनच.

बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढू नका, पाय धरून उलटं टांगू नका; त्यात वेळ जातो आणि उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. श्वास नसेल तर एकाने 108 ला फोन लावायचा, दुसऱ्याने आधी तोंडाने 5 श्वास द्यायचे. प्रतिसाद नसेल तर छातीच्या मध्यावर 30 दाब आणि 2 श्वास, मिनिटाला 100 ते 120 दाबांच्या गतीने, मदत येईपर्यंत. मूल शुद्धीवर येऊन बोलायला लागलं तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्या. छातीत गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही वाढतो.