घरात चालतं, बाहेरून उघडत नाही: मीडिया सर्व्हरच्या या चुका टाळा

"घरात झकास चालतंय, बाहेरून मात्र उघडतच नाही." घरच्या संगणकावरचे व्हिडिओ टीव्हीवर-मोबाइलवर दाखवणारा जेलीफिन किंवा प्लेक्ससारखा मीडिया सर्व्हर बसवलेल्या नातेवाइकांचे आणि मित्रांचे फोन याच वाक्याने सुरू होतात. पुढचं वाक्यही ठरलेलं: "मी सगळं करून बघितलं." सगळं म्हणजे काय ते खोदून विचारलं की कळतं, एकाच रात्रीत पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा क्रमांक) बदलला, राउटर रिसेट केला, फायरवॉल बंद केली, सर्व्हर काढून पुन्हा टाकला. आता आधी काय बिघडलं होतं आणि नंतर काय बिघडवलं, हे त्यालाही सांगता येत नाही. मला याचा खरंच त्रास होतो, कारण मूळची अडचण बहुतेक वेळा एकच असते आणि शांत डोक्याने बसलं तर पाच मिनिटांत सापडते.

घरच्या वायफायवरून बाहेरची तपासणी

मोबाइल घरच्या वायफायला जोडलेला ठेवायचा आणि त्यावरून बाहेरचा पत्ता टाकून बघायचा, ही पहिली चूक. यात दोन्ही बाजूंनी फसगत होते. काही राउटर आपल्याच बाहेरच्या पत्त्याकडे निघालेली मागणी परत आत वळवत नाहीत, त्यामुळे सगळं नीट असूनही बंद दिसतं. उलट ॲपने घरातल्या घरात सर्व्हर शोधून काढला, तर बाहेरून बंद असलेलंही चालू दिसतं. वायफाय बंद करा, मोबाइल डेटा चालू करा, मग बघा. मी तर सरळ आईचा फोन घेतो. त्यात ना ॲप असतं ना जुना लॉगिन. ब्राउझरमध्ये पत्ता टाकायचा, पान येतं की नाही एवढंच बघायचं.

वॅन आयपी न बघता पोर्ट फॉरवर्ड करत बसणं

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त रात्री वाया घालवणारी चूक हीच. वॅन आयपी म्हणजे राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता, आणि पोर्ट फॉरवर्ड म्हणजे बाहेरून त्या पोर्टवर आलेली मागणी घरातल्या सर्व्हरकडे वळवायची राउटरला दिलेली सूचना.

माझा सांगलीचा मावसभाऊ. काकांनी जपून ठेवलेल्या लग्नामुंजीच्या व्हीएचएस कॅसेट त्याने डिजिटल करून घेतल्या आणि जुन्या लॅपटॉपवर जेलीफिन बसवलं. ताई मेलबर्नला. तिला तिच्या लग्नाची कॅसेट दिवाळीला मुलांना दाखवायची होती. या पठ्ठ्याने यूट्यूबवर 'दहा मिनिटांत रिमोट ॲक्सेस' असला एक व्हिडिओ पाहिला आणि राउटरमध्ये ८०९६ पोर्ट उघडला. चाललं नाही. मग ८०९७ केला. मग ४४३. मग बाजारातून नवा राउटर आणला. आठ दिवस रात्री एक-एक वाजेपर्यंत हे चाललं होतं. शेवटी वैतागून त्याने मला फोन केला.

मी म्हटलं, "काही बदलू नकोस. राउटरच्या पानावर जा. स्टेटसमध्ये वॅन आयपी काय लिहिलाय तेवढा वाच."

"शंभर, बहात्तर..."

"थांब. पुढचा वाचायची गरज नाही."

मग त्याला मोबाइल वायफायवर ठेवून 'माझा आयपी काय' हे सर्च करायला लावलं. तिथे भलताच आकडा. दोन आकडे जुळत नाहीत, याचा अर्थ राउटर आणि इंटरनेट यांच्यामध्ये आणखी एक भिंत आहे, आणि ती आपल्या हातात नाही. हेच सीजीनॅट.

यामागचं कारण समजून घेतलं तर इंटरनेट कंपनीवर चिडण्यात वेळ जात नाही. आयपीव्ही४ (इंटरनेटवरच्या पत्त्यांची जुनी पद्धत) चे पत्ते एकूण सुमारे ४३० कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे पाच गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून झाले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिक विभागाचा साठाही तळाला गेला. तेव्हापासून प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देणं परवडेनासं झालं. अनेक ग्राहक एकाच पत्त्यामागे बसवायचे आणि मधल्या जाळ्यासाठी वेगळे पत्ते वापरायचे, अशी सोय झाली. त्यासाठी २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा राखून ठेवला गेला. मावसभावाचा १००.७२ त्यातलाच. वाड्याच्या दिंडीदरवाजाला कडी आणि आपण आपल्या खोलीचं दार सताड उघडं टाकून पाहुण्यांची वाट बघतोय, अशी ती स्थिती. खोलीचं दार कितीही वेळा बदललं तरी दिंडीची कडी निघत नाही.

वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर प्रकरण बहुधा घरातलंच असतं. कंपनीने बसवलेला फायबरचा डबा स्वतःच राउटर असतो आणि त्याच्या मागे आपण आपला राउटर लावलेला असतो. कंपनीला फोन करून डबा ब्रिज मोडवर टाकून घ्यावा, म्हणजे तो राउटरचं काम सोडून नुसती जोडणी पुढे देतो. काही कंपन्या सीजीनॅटसाठी १० ने सुरू होणारे पत्तेही देतात, तेवढं लक्षात असू द्या.

सीजीनॅटवर उपाय तीन. कंपनीकडून वेगळे पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा सार्वजनिक पत्ता, घ्यायचा. आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी, भरपूर पत्ते असलेली पद्धत) वापरायचा, तो आपल्याकडे बऱ्याच जोडण्यांवर आपसूक मिळतो, पण बघणाऱ्याकडेही लागतो आणि राउटरच्या फायरवॉलमध्ये त्या एका पोर्टपुरती परवानगी द्यावी लागते. किंवा टेलस्केलसारखं खासगी जाळं विणायचं, ज्यात दोन्ही टोकं आतून बाहेर जाऊन एकमेकांना भेटतात आणि कुठेच दार उघडं ठेवावं लागत नाही. मी घरच्या माणसांसाठी तिसराच उपाय वापरतो आणि दुसऱ्यांनाही तोच सांगतो. मेलबर्नला ताईच्या टीव्हीत टेलस्केलचं ॲप चालेना, म्हणून तिने अँड्रॉइड टीव्हीची स्टिक घेतली. नरकचतुर्दशीच्या सकाळी इकडे फराळ चालू असताना तिकडून व्हिडिओ कॉल आला, मागे टीव्हीवर अंतरपाट धरलेला दिसत होता. मावशी बराच वेळ काही बोललीच नाही.

टेलस्केलच्या दोन खोडी सांगून ठेवतो. ते स्वतःसुद्धा शंभरानेच सुरू होणारे पत्ते देतं, तेव्हा त्याच्या ॲपमधला पत्ता बघून 'मी सीजीनॅटमागे आहे' असं ठरवू नका. राउटरच्या पानावरचाच बघा. दुसरी खोड जास्त महागात पडते. प्रत्येक यंत्राची ओळखीची किल्ली मुळात १८० दिवसांनी संपते. दिवाळीला चालू झालेलं ताईचं चैत्राच्या आसपास एके दिवशी अचानक बंद पडलं, आणि मावसभाऊ पुन्हा राउटर उघडून बसला. टेलस्केलच्या व्यवस्थापनाच्या पानावर सर्व्हरपुरती किल्लीची मुदत बंद करायची, बस्स. आता मी कोणालाही बसवून देताना हे त्याच दिवशी करतो.

वैतागून डीएमझी चालू करणं

'एकदा सगळं उघडून बघू, चाललं की हळूहळू बंद करू.' हे हळूहळू कधीच येत नाही. एकदा चित्रपट सुरू झाला की कोणी परत राउटरच्या पानावर फिरकत नाही. डीएमझी म्हणजे बाहेरून येणारं सगळं एका यंत्राच्या अंगावर सोडणं. त्या यंत्रावर घरचे फोटो, बँकेची कागदपत्रं, आणखी काय काय असतं. माझ्या एका मित्राने असं उघडून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्याचा लॉग उघडला तर रात्रभर अनोळखी पत्त्यांवरून 'ॲडमिन', 'रूट', 'टेस्ट' अशा नावांनी लॉगिनचे प्रयत्न. कोणी त्याच्यावर डूख धरून नव्हतं. इंटरनेटवर सतत दारं ठोठावत फिरणारे प्रोग्राम असतात, त्यांना उघडं दार सापडलं एवढंच. पोर्टचा आकडा बदलून यातून सुटका होते असं समजणाऱ्यांना माझी विनंती आहे, की तसं समजू नका.

ज्यांना 'माझ्या सिनेमांच्या सर्व्हरमध्ये कोणाला काय रस' असं वाटतं, त्यांनी लास्टपासचं २०२२ चं प्रकरण आठवावं. पासवर्ड सांभाळणारी ही कंपनी. तिच्या एका वरिष्ठ अभियंत्याच्या घरच्या संगणकावर हल्लेखोर शिरले आणि तिथून त्याचा मुख्य पासवर्ड टिपून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या बॅकअपपर्यंत पोहोचले. शिरकाव झाला तो त्या संगणकावरच्या प्लेक्समधल्या एका त्रुटीतून. प्लेक्सने ती त्रुटी मे २०२० मध्येच दुरुस्त केली होती. त्यानंतर सुमारे ७५ आवृत्त्या येऊन गेल्या होत्या. अपडेट केलं नव्हतं, एवढीच गोष्ट. मी दर रविवारी सकाळी चहा घेता घेता सर्व्हर अपडेट करतो. कंटाळा आला तरी करतो.

आणि जर पोर्ट उघडायचाच असेल तर जेलीफिनचा ८०९६ उघडा टाकू नका, त्यावरून पासवर्ड साध्या मजकुरात जातो. पुढे कॅडीसारखा रिव्हर्स प्रॉक्सी (सर्व्हरच्या पुढे उभा राहून मागण्या घेणारा प्रोग्राम) ठेवा, तो सांकेतिक जोडणीसाठी लागणारं प्रमाणपत्र स्वतः आणतो आणि स्वतः नूतन करतो. पाहुण्यांना ॲडमिनचं खातं देऊ नका. यूपीएनपी, म्हणजे यंत्रांनी राउटरमध्ये आपले आपण पोर्ट उघडण्याची सोय, बंद ठेवा.

अडखळतं म्हणून नेटला दोष देणं

जोडणी लागली, चित्र आलं, पण दर दहा सेकंदांनी गोल फिरतंय. लगेच लोक कंपनीकडे मोठा प्लॅन मागतात. आधी सर्व्हरच्या डॅशबोर्डवर बघा: 'डायरेक्ट' लिहिलंय की 'ट्रान्सकोडिंग'? ट्रान्सकोडिंग असेल तर सर्व्हर तो व्हिडिओ जागच्या जागी नव्याने शिजवतोय आणि जुन्या लॅपटॉपला ते झेपत नाही. कारणही तिथेच लिहिलेलं असतं, ते वाचायचे कष्ट घ्यावेत.

घरच्या कॅसेटच्या बाबतीत हे हमखास होतं. स्टुडिओवाले डीव्हीडीवर देतात तो व्हिडिओ एमपेग-२ असतो, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, आणि इंटरलेस्ड, म्हणजे प्रत्येक चित्र एकाआड एक रेघांच्या दोन भागांत. ब्राउझरला एमपेग-२ वाजवता येत नाही, म्हणून दर वेळी सगळं बदलून पाठवावं लागतं. मूळ फाइल तशीच कपाटातल्या डिस्कवर जपून ठेवा आणि हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये डीइंटरलेस चालू करून एच २६४ (ब्राउझरला चालणारा प्रकार) ची एक प्रत करा. इंटरलेस तसंच राहिलं तर वरमाला घालताना हाताच्या कडांना फणीच्या दातांसारख्या रेघा दिसतात. बऱ्याच जणांना वाटतं कॅसेटच खराब आहे.

ब्लू-रेची सबटायटलं हे दुसरं कारण. ती अक्षरं नसून चित्रं असतात, आणि बहुतेक ठिकाणी ती व्हिडिओवर छापून पाठवावी लागतात. साध्या मजकुराची एसआरटी फाइल शोधा, निम्मी तक्रार तिथेच संपते. रास्पबेरी पाय ५ या छोट्या संगणकावर ट्रान्सकोडिंगची अपेक्षा करू नका, त्यात व्हिडिओ एन्कोड करणारं हार्डवेअरच नाही. इंटेलचा क्विक सिंक (व्हिडिओ बदलणारं हार्डवेअर) असलेला जुना मिनी पीसी त्यापेक्षा कितीतरी पटीने उपयोगी.

एवढं करूनही अडखळलं, तर मग नेट. आणि त्यात डाउनलोड बघू नका, अपलोड बघा. तुमच्या घरातून चित्र बाहेर जातंय. टेलस्केल असेल तर त्याच्या स्टेटसमध्ये 'रिले' (थेट न जाता मधल्या सर्व्हरवरून वळून जाणं) दिसतंय का तेही बघा. रिलेवरून फोटो बरे दिसतात, सिनेमा नाही.

बाकीच्या, थोडक्यात

सर्व्हरला घरातला पत्ता पक्का करून न देणं. राउटर बंद-चालू झाला की पत्ता बदलतो आणि फॉरवर्ड केलेला पोर्ट भलत्याच यंत्राकडे, कधी प्रिंटरकडेसुद्धा, जातो.

जेलीफिनमध्ये 'रिमोट कनेक्शन'ची खूण दोन ठिकाणी असते, सर्व्हरच्या सेटिंगमध्ये आणि प्रत्येक वापरकर्त्याच्या खात्यात. लोक एकच बघतात.

प्लेक्सवाल्यांनो, २९ एप्रिल २०२५ पासून बाहेरून व्हिडिओ बघायला सर्व्हरच्या मालकाकडे प्लेक्स पास किंवा बघणाऱ्याकडे रिमोट वॉच पास लागतो. फुकटच्या खात्यावर पोर्ट तपासत बसू नका.

क्लाउडफ्लेअर कंपनीच्या मोफत बोगद्यातून (घरचा सर्व्हर तिच्यामार्फत बाहेर दाखवायची सोय) सिनेमे पाठवू नका. त्यांच्या अटींमध्ये ते बसत नाही.

विंडोजने नेटवर्कला 'पब्लिक' ठरवलं असेल तर फायरवॉल दार लावून घेते. लॅपटॉपचं झाकण मिटलं की तो झोपतो, तेही सेटिंगमधून बंद करा.

आणि वीज. आपल्याकडे ती जाते, हे धरूनच मांडणी करा. राउटर आणि फायबरचा डबा यांच्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो लावा. मिनी पीसीच्या बायोसमध्ये (सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) 'रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस' असा पर्याय असतो, तो चालू करा, म्हणजे वीज आल्यावर बटण दाबायला शेजाऱ्यांना पाठवावं लागत नाही. लिनक्सवर बाहेरची डिस्क यूयूआयडीने, म्हणजे तिच्या न बदलणाऱ्या ओळखक्रमांकाने, जोडा. 'एसडीबी' म्हणून जोडलेली डिस्क पुढच्या वेळी 'एसडीसी' होऊन येते आणि लायब्ररी रिकामी दिसते. गावाला जायच्या आदल्या संध्याकाळी, काही कॉपी होत नसताना, मी घरचा मेन स्विच दहा मिनिटं बंद करतो आणि परत चालू करतो. मग आईचा फोन घेऊन, त्यात टेलस्केल तेवढं टाकून, खाली रस्त्यावर जातो आणि मोबाइल डेटावर पान यायची वाट बघतो. माझ्याकडे साधारण चार मिनिटं लागतात. दहा मिनिटांत आलं नाही, तर बॅग भरायचं काम थांबवून आधी ते बघतो.