दक्षिणेतल्या अभिनेत्रीची कारकीर्द मराठीत लिहायची तर

दिवाळी अंकातला लेख असो, वाचनालयातलं व्याख्यान असो की मराठी विकिपीडियावरची नोंद, दाक्षिणात्य अभिनेत्रीवर लिहिताना आपल्याकडे सुरुवात हटकून तिच्या हिंदी चित्रपटांपासून होते आणि तिथेच लेख बिघडतो. श्रीदेवी यांची गोष्ट १९८३च्या ‘हिम्मतवाला’पासून सुरू केली, की तमिळमधला ‘१६ वयदिनिले’ (१९७७) आणि ‘मूंड्राम पिरै’ (१९८२) हे तळटीपेत जातात. वास्तविक ‘सदमा’ (१९८३) हा ‘मूंड्राम पिरै’चाच हिंदी अवतार. त्यातली भूमिका त्यांनी आधीच्या वर्षी तमिळमध्ये केलेली होती. त्यामुळे हिंदीतलं यश हा अशा कारकिर्दीचा उंबरठा न मानता तिच्यातला एक टप्पा मानावा, आणि कामाचा क्रम त्याप्रमाणे लावावा.

लिहायला बसण्याआधी यादी करा. स्प्रेडशीट उघडून नऊ रकाने आखा: वर्ष, चित्रपटाचं मूळ लिपीतलं नाव, देवनागरीतलं नाव, भाषा, भूमिका, दिग्दर्शक, प्रकार, आवाज आणि पुरावा. ‘प्रकार’ या रकान्यात चारच शब्द चालतील: मूळ, द्विभाषिक, डब, रिमेक. एकूण वेळेचा निम्मा वाटा या रकान्यावर जाईल आणि तो जाऊ द्यावा, कारण ‘तिनं अमुक इतके चित्रपट केले’ हा आकडा इथेच फुगतो.

उदाहरण घ्या. १९५५ साली एल. व्ही. प्रसाद यांनी तेलुगू ‘मिसम्मा’ आणि तमिळ ‘मिसियम्मा’ एकाच वेळी चित्रित केले. नायिका दोन्हींत सावित्री, नायक मात्र तेलुगूत एन. टी. रामाराव आणि तमिळमध्ये जेमिनी गणेशन. म्हणजे प्रसंग तोच, पण संवाद दोन भाषांत आणि कॅमेऱ्यासमोर उभं राहणंही दोनदा. हे द्विभाषिक काम, ते दोन चित्रपट म्हणून मोजायचं. १९५७चा ‘मिस मेरी’ हा त्याच कथेचा हिंदी रिमेक, पण नायिका मीनाकुमारी, त्यामुळे सावित्रींच्या यादीत त्याला जागा नाही. उलट सावित्रींच्याच आयुष्यावरचा २०१८चा ‘महानटी’ तेलुगूत झाला आणि ‘नडिगैयर तिलगम’ या नावानं तमिळमध्ये डब झाला. तिथे कीर्ती सुरेश यांच्या नावावर एकच चित्रपट धरायचा. संकेतस्थळांवरच्या याद्यांत हे सगळे प्रकार एकाखाली एक, सारख्याच ओळीत पडलेले असतात.

डब आणि द्विभाषिक यांतला फरक ओळखायचा कसा? फक्त ओठ बघून निर्णय देऊ नका. प, ब, म उच्चारताना ओठ मिटतात, त्यामुळे मिटलेल्या ओठांवर भलताच वर्ण ऐकू आला तर शंका घ्यावी हे खरं. पण दक्षिणेत मूळ आवृत्तीतही नायिकेचा आवाज पुष्कळदा नंतर आणि दुसऱ्याच कुणाचा भरलेला असतो, म्हणून ओठ तिथेही चुकतात. त्यापेक्षा पडद्यावरची अक्षरं बघा. पत्र, दुकानाची पाटी, वर्तमानपत्राचा मथळा कोणत्या लिपीत आहे? मग दुय्यम नटांकडे बघा. द्विभाषिकात विनोदी नट आणि घरातली वडीलधारी माणसं बरेचदा बदललेली असतात, डबमध्ये सहसा चेहरे बदलत नाहीत. शेवटी सेन्सॉरचं प्रमाणपत्र. चित्रपट सुरू होण्याआधी ते काही क्षण दिसतं, तिथे थांबवून स्क्रीनशॉट घ्या. भाषा, तारीख आणि लांबी त्यावर असते, आणि डब आवृत्ती असेल तर तसा उल्लेखही सापडतो.

प्रमाणपत्राची तारीख म्हणजे प्रदर्शनाची तारीख नव्हे, हेही ध्यानात असू द्या. तमिळ आणि तेलुगूत पोंगल-संक्रांतीला मोठे चित्रपट लागतात. डिसेंबरात प्रमाणपत्र आणि जानेवारीत प्रदर्शन झालं, की एकाच चित्रपटाची दोन वर्षं छापली जातात. यादीत एकच नियम ठेवा, प्रदर्शनाचं वर्ष, आणि तो शेवटपर्यंत पाळा.

आता आवाजाचा रकाना. ‘संवादफेक अप्रतिम’ असं लिहिण्याआधी तो आवाज कुणाचा हे शोधायलाच हवं. शोभना यांना ज्या ‘मणिचित्रत्ताळ’ या मल्याळम चित्रपटासाठी १९९३ सालचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्यात पडद्यावर आवाज त्यांचा नव्हता, डबिंग कलाकारांचा होता. यानं शोभनांचा अभिनय उणा होत नाही. डोळे, मान, पावलं, श्वासाची लय त्यांचीच. पण कौतुक नेमकं कशाचं करायचं ते ठरतं, आणि दुसऱ्या बाईच्या कष्टाचं श्रेय गिळलं जात नाही. समंता यांच्या २०१०च्या तेलुगू पदार्पणात आवाज चिन्मयी श्रीपाद यांचा होता. केरळच्या राज्य पुरस्कारांत डबिंग कलाकारांसाठी वेगळा विभाग आहे, त्याच्या याद्या चाळल्या तर पुष्कळ नावं सापडतात. जुन्या चित्रपटांत श्रेयनामावलीत हे नाव नसायचंच. तिथे रकाना रिकामा ठेवा, अंदाज भरू नका.

नावं देवनागरीत आणताना

मराठी छापील मजकुरात सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे ‘थ’. दक्षिणेत रोमन लिपीत लिहिताना ‘टीएच’ ही जोडी ‘त’साठी वापरतात आणि एकटा ‘टी’ बहुधा ‘ट’साठी. म्हणून रेवती, ज्योतिका, कीर्ती, पार्वती, नित्या. ‘रेवथी’ आणि ‘ज्योथिका’ ही नावं अस्तित्वात नाहीत. ‘डीएच’चंही तसंच, तो बरेचदा साधा ‘द’ असतो. ‘झेडएच’ दिसला की ‘झ’ लिहू नका. तो तमिळ-मल्याळममधला खास वर्ण आहे आणि मराठीत त्याच्या सर्वांत जवळचा ‘ळ’. ‘मणिचित्रथाझू’ असं छापलेलं वाचलं की वाईट वाटतं, कारण ‘मणिचित्रत्ताळ’ लिहिण्याची सोय आपल्या लिपीत आहे. हिंदी संकेतस्थळांवरून नावं उचलली की हाच ‘ळ’ पहिला गळतो.

तमिळ लिपीत क-ग, त-द, प-ब यांना एकेकच अक्षर आहे, त्यामुळे तमिळ अक्षरं वाचता आली तरी उच्चार नक्की होत नाही. तेच नाव तेलुगू, कन्नड किंवा मल्याळम लिपीत शोधा. या लिप्यांतले वर्ण देवनागरीला जवळपास एकास एक जुळतात. ‘अक्षरमुख’ हे लिप्यंतराचं मोफत साधन आहे, त्यात ते नाव टाकलं की देवनागरी रूप मिळतं. मग एखाद्या मुलाखतीत ते उच्चारलेलं ऐकून पक्कं करायचं. मुंबईत यापुढची सोयही हाताशी आहे. माटुंगा, सायन, चेंबूर, धारावी इथे तमिळ आणि मल्याळी वाचणारी माणसं शेजारी राहतात. माटुंग्यात म्हैसूर असोसिएशन, दादर पूर्वेला आंध्र महासभा आणि सायनला तमिळ संघ आहे. जाताना पूर्ण चित्रपट घेऊन जाऊ नका. श्रेयनामावलीची दहाएक चित्रं फोनमध्ये ठेवा, एकेक नाव मोठ्यानं वाचायची विनंती करा आणि परवानगीनं रेकॉर्ड करा. पंधरा मिनिटांचं काम असेल तर कुणी नाही म्हणत नाही.

आडनावाचा सोस सोडा. तेलुगूत घराण्याचं नाव आधी येतं: अक्किनेनी नागार्जुन यांत ‘अक्किनेनी’ हे घराण्याचं. तमिळमध्ये आद्याक्षर बहुधा वडिलांच्या नावाचं असतं, त्याला आडनाव समजून ‘श्रीमती अमुक’ करू नये. पी. भानुमती आणि भानुमती रामकृष्ण या एकच व्यक्ती आहेत. रामकृष्ण हे पतीचं नाव. अभिनेत्री, गायिका, दिग्दर्शिका आणि स्टुडिओची मालकीण अशा चारही नात्यांनी त्यांचं नाव येतं, त्यामुळे यादी करताना दोन्ही रूपांनी शोध घ्यावा लागतो, नाहीतर अर्धी कारकीर्द हातातून निसटते. तसंच सावित्रींचं. त्यांनी १९६८ साली तेलुगू ‘चिन्नारी पापलु’ दिग्दर्शित केला, पण अभिनेत्री म्हणून केलेल्या शोधात तो बाजूलाच राहतो.

तारखा, गावं, पुरस्कार

जन्मवर्षाबाबत सावध राहा. सावित्रींचीच तीन-चार वेगवेगळी जन्मवर्षं छापलेली आढळतात. अशा वेळी एक निवडून ठामपणे लिहिण्यापेक्षा मतभेद एका वाक्यात सांगावा, किंवा वय टाळून चित्रपटांच्या वर्षांवर मजकूर उभा करावा. मृत्यूची तारीख, २६ डिसेंबर १९८१, पक्की आहे.

गावाचं नाव त्या वेळच्या प्रांतासह लिहा. १९३०च्या दशकात गुंटूर जिल्ह्यात जन्मलेली मुलगी आंध्र प्रदेशात जन्मली नाही, मद्रास प्रांतात जन्मली. आंध्र प्रदेश १ नोव्हेंबर १९५६चा. म्हैसूर राज्याचं कर्नाटक १९७३ साली झालं, मद्रास राज्याचं तमिळनाडू १९६९ साली आणि मद्रास शहराचं चेन्नई १९९६ साली. याला कारकिर्दीतही अर्थ आहे. त्या काळी तेलुगू चित्रपटही मद्रासच्या कोडंबाक्कम भागातल्या स्टुडिओंत बनत, आणि तमिळ-तेलुगू अशी दुहेरी कामं एकाच नटीला सहज जमायची त्यामागे हा शेजार होता. हैदराबादला बस्तान हललं ते पुढे, हळूहळू.

पुरस्काराला तीन वर्षं चिकटतात: चित्रपटाचं, घोषणेचं आणि प्रदानाचं. ‘महानटी’साठी कीर्ती सुरेश यांना मिळालेला ६६वा राष्ट्रीय पुरस्कार २०१८ सालासाठीचा, घोषणा ऑगस्ट २०१९ची आणि प्रदान डिसेंबर २०१९चं. लेखात ‘२०१८ सालासाठीचा’ असं लिहिलं की वाद मिटतो. राज्यांचे पुरस्कार आणि फिल्मफेअरचे दक्षिणेचे पुरस्कार वेगळे नोंदवा, नुसतं ‘फिल्मफेअर’ लिहिलं तर वाचक हिंदीचा समजतो. आणखी एक खड्डा: सुरुवातीच्या वर्षांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या राष्ट्रीय पुरस्काराला ‘ऊर्वशी’ म्हणत, म्हणून तो तीनदा मिळवणाऱ्या शारदा यांचा उल्लेख ‘ऊर्वशी शारदा’ असा सापडतो. मल्याळममधल्या अभिनेत्री उर्वशी या निराळ्या.

पुराव्यासाठी प्रत्येक महत्त्वाच्या नोंदीला दोन स्वतंत्र आधार हवेत. एका संकेतस्थळानं दुसऱ्यावरून उतरवलेलं असेल तर तो एकच आधार झाला. जुन्या चित्रपटांच्या गाण्यांच्या पुस्तिका उपयोगी पडतात. पुण्याच्या लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्या बघता येतात. निघण्याआधी चित्रपटांची यादी ईमेलनं पाठवा, मुंबईहून जाऊन-येऊन एका दिवसात काम होऊ शकतं. पण पुस्तिका प्रदर्शनाआधी छापलेली असते, तिच्यातलं एखादं गाणं किंवा नाव अंतिम चित्रपटात नसूही शकतं. चरित्रपट मात्र आधार म्हणून कधीही घेऊ नका, तो कितीही मनापासून बनवलेला असला तरी. ‘महानटी’तला प्रसंग हा सावित्रींच्या आयुष्यातला प्रसंग मानून लिहिलेले परिच्छेद आपल्याकडे सर्रास फिरतात.

मुलाखतींच्या व्हिडिओंवर आपोआप उमटणारी इंग्रजी अक्षरं तमिळ-मल्याळमच्या बाबतीत फार चुकतात. हवं ते वाक्य कुठे आहे ते मिनिट-सेकंदासह टिपून ठेवा आणि तेवढीच दोन-तीन मिनिटं भाषा येणाऱ्याकडून ऐकून घ्या. अवतरणचिन्हांत टाकायचं ते फक्त असं तपासलेलं वाक्य.

लिहिताना

दोन हजार शब्दांचा लेख असेल तर बालपण आणि घर यांना तीनशे, मूळ भाषेतल्या कामाला हजार-बाराशे, इतर दाक्षिणात्य भाषांना तीनशे आणि हिंदीला उरलेले, असं माप धरून चालावं. प्रत्येक दशकातले निदान तीन चित्रपट अथपासून इतिपर्यंत बघितल्याशिवाय त्या दशकाबद्दल मत देऊ नये. ‘दक्षिणेची माधुरी’ छापाची तुलना पूर्ण टाळा. तिच्यामुळे वाचकाला माधुरी आठवते, लेखाची नायिका दिसतच नाही.

मधली रिकामी वर्षं ही कारकिर्दीचाच भाग आहेत. मंजू वारियर १९९९नंतर पडद्यावरून दूर गेल्या आणि २०१४ साली ‘हाउ ओल्ड आर यू’ या मल्याळम चित्रपटातून परतल्या. त्याच्याच तमिळ रिमेकमधून, ‘३६ वयदिनिले’मधून, २०१५ साली ज्योतिका परतल्या. त्या जन्मानं मुंबईकर. ‘लग्नानंतर गायब झाल्या’ एवढ्यावर ती वर्षं उरकली, तर एकाच भूमिकेनं दोन अभिनेत्रींना परत आणलं ही बोलकी गोष्ट हरवते.

सिल्क स्मिता किंवा शोभा यांच्यासारख्या अकाली मृत्यूंबद्दल लिहिताना तारीख आणि नोंदीत असेल तेवढंच लिहा. पद्धतीचं वर्णन नको, प्रेमभंगाचं तयार कारण नको, आणि लेखाची सुरुवात मृत्यूनं तर नकोच. शोभा यांना १९७९ सालासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. लेखाची जागा त्या कामाला जायला हवी.

छायाचित्रांचं थोडक्यात: २०१२च्या कायदादुरुस्तीपासून छायाचित्राचा स्वामित्वहक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षं चालतो. १९६४ साली वारलेल्या छायाचित्रकाराचं चित्र १ जानेवारी २०२५पासून मोकळं. हक्क चालू असलेल्या चित्रांसाठी लेखी परवानगी लागते, आणि दिवाळी अंकांची पानं लागायला लागली की ती मिळवायला वेळ उरत नाही, म्हणून विनंतीची पत्रं मे-जूनमध्येच पाठवून द्यावीत.