मुंबई बंदराच्या बत्त्या: दीपगृहाचा इतिहास बोटीवरून वाचायचा कसा

प्रॉंग्जचं दीपगृह कुलाब्याच्या दक्षिण टोकापुढे, पाण्यातल्या खडकावर उभं आहे. जमिनीकडची वाट नौदलाच्या हद्दीतून जाते, म्हणून ते बघायला अलिबागकडच्या मांडव्याहून गेटवेला परतणारी संध्याकाळची बोट बरी. बसायचं डावीकडे, जमल्यास वरच्या डेकवर. सोबत ७×५० दुर्बीण आणि फोनमधलं स्टॉपवॉच पुरे.

दिवस मात्र विचार करून निवडावा. सप्टेंबरआधी जाऊ नये, पावसाळ्यात गेटवे-मांडवा प्रवासी बोटी बंद असतात. डिसेंबरनंतर धुरकं आड येतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरातली अमावास्या सगळ्यात चांगली. कोळ्यांचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अमावास्या म्हणजे १५, तिची पाऊणपट सव्वाअकरा. त्यात सव्वासहा तास मिळवले की साडेपाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी. उधाणाच्या दिवसांत मुंबईत पाणी भरतीपेक्षा पाचेक मीटरपर्यंत खाली जातं. खडक उघडा पडतो आणि लगेच अंधारही होतो. हिशेबात तासाभराचा फरक पडू शकतो, म्हणून भरती-ओहोटीचा तक्ता आणि शेवटच्या बोटीची वेळ दोन्ही आधी बघून ठेवावं.

खडक उघडा दिसला की दीपगृह इथे का बांधलं हे विचारावं लागत नाही. कुलाब्याच्या जमिनीवर अठराव्या शतकातच बत्ती होती, पण खडकाची रांग पाण्याखाली तिच्याही पुढे जाते. किनाऱ्यावरची बत्ती बेट दाखवायची, धोका कुठे संपतो ते नाही. अभियंता थॉमस ऑर्मिस्टन यांनी बांधलेला सुमारे ४४ मीटरचा मनोरा थेट त्या धोक्यावरच उभा राहिला. त्याचं साल बहुतेक ठिकाणी १८७५ असं दिलेलं असतं. अशा सालांशी जरा जपून वागावं. पायाभरणी, पहिल्यांदा बत्ती लागणं आणि नवं यंत्र बसणं या तीन वेगळ्या तारखा असतात, आणि लेखांमध्ये त्या सर्रास एकमेकींच्या जागी बसतात. अलिबागसमोरच्या खांदेरी बेटावरच्या दीपगृहाचंच बघा: १८६७च्या जानेवारीत पायाभरणी, जूनमध्ये बत्ती; आणि किल्ला १६७९चा, शिवाजी महाराजांच्या काळातला.

आता घड्याळ. प्रत्येक बत्तीचा ताल ठरलेला असतो, त्यावरूनच ती ओळखायची. झोत चमकायला लागला की स्टॉपवॉच सुरू करायचं आणि पुढचा झोत सुरू होईपर्यंत मोजायचं. सुरुवात ते सुरुवात, मधला अंधार नव्हे. नवशिक्यांची चूक नेमकी इथेच होते. दोन-तीन झोतांचा गट असेल तर गटाच्या पहिल्या झोतापासून पुढच्या गटाच्या पहिल्या झोतापर्यंत. असे दहा फेरे मोजून दहाने भागायचं. उजेड अंधारापेक्षा कमी वेळ असेल तर ती झोताची बत्ती. दोन्ही सारखे असतील तर समकाल. उजेडच जास्त आणि मध्येच क्षणभर अंधार, तर खंडित. आलेला आकडा देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाच्या दीपसूचीशी ताडून बघावा. जुळला नाही तर आधी बोयावर, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या दिव्यावर, संशय घ्या. बोया लाटेआड जातो, एखादा झोत गळतो आणि काळ दुप्पट भरतो. मच्छीमार नावांचे दिवे तर कुठल्याच तालात नसतात.

झोत कसा उगवतो हेही बघण्यासारखं. हळूहळू फुलून विझला आणि हवेत दांडीसारखा फिरताना दिसला, तर आत भिंग फिरतंय. जुन्या यंत्रात फ्रेनेल भिंगाचं, म्हणजे काचेच्या अनेक कड्या जोडून केलेल्या भिंगाचं, हे ओझं पाऱ्याच्या कुंडात तरंगायचं आणि मनोऱ्यातून खाली उतरणाऱ्या वजनावर फिरायचं. सहा बाजूंचं भिंग मिनिटाला एक फेरी घेत असेल, तर दर १० सेकंदांना झोत. कप्पी झिजली किंवा कुंडात घाण बसली की तालच बिघडायचा, आणि ताल बिघडलेली बत्ती नसलेल्या बत्तीहून वाईट, कारण खलाशी तिला दुसरीच समजतो. उलट, झोत खटकन लागून खटकन गेला तर बहुधा एलईडी. साध्या विजेच्या दिव्याच्या कडाही थोड्या मऊ असतात, तेवढं ध्यानात ठेवावं.

बत्ती किती लांबून दिसेल? तिच्या उंचीचं आणि आपल्या डोळ्याच्या उंचीचं, मीटरमध्ये, वर्गमूळ काढा, बेरीज करा आणि ३.८५ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये येतं. बत्ती ४० मीटरवर आणि डोळा ४ मीटरवर असेल तर सुमारे ३२. होडीत बसून डोळा मीटरभरच वर असेल तर २८. इथे मनोऱ्याची उंची घालू नये. सूचीतली भरतीच्या पाण्यापासूनची बत्तीची उंची घ्यावी. हवा धुरकट असेल तर यातलं काहीच खरं ठरत नाही.

गेटवे जवळ आलं की १८५६च्या डॉल्फिन रॉकची छोटी बत्ती डावीकडे शोधा. मागच्या शहराच्या दिव्यांत ती हरवते. दुर्बीण खाली ठेवून नजर जरा बाजूला लावली की सापडते.